शुक्रवारची टेप

आमच्या ऑफिसचं सगळं कामकाज एका नारिंगी टोपीवर चालायचं. हरणांच्या शिकारीला जाताना घालतात तसली, कान झाकणारी. कुणीतरी ती खुंटीवर विसरून गेला आणि परत न्यायला आलाच नाही. घरोघर जाऊन आजाऱ्यांना इंजेक्शनं देणाऱ्या, जखमा धुणाऱ्या आठ नर्सा, त्यांच्या फेऱ्या लावून देणाऱ्या आम्ही ऑफिसातल्या चौघी आणि आमच्या डोक्यावर साहेब म्हणून बसवलेला कर्टिस पेंगेली, एवढ्यांचा संसार त्या टोपीखाली होता.

याला कारण पेंगेलीच. ब्याण्णव साली त्याने कॉम्प्युटर आणले ते आतून रिकामे. त्यांच्यात प्रोग्रॅम ठेवायला जागाच नाही. सगळे प्रोग्रॅम आणि सगळ्या फायली एका करड्या खोक्यात, म्हणजे सर्व्हरमध्ये, आणि तो सर्व्हर कॉफीचे फिल्टर नि टॉयलेट पेपर ठेवायच्या कपाटात. सकाळी आठला आम्ही बटणं दाबायचो, की प्रत्येकीचा कॉम्प्युटर त्या कपाटातून तारेवाटे आपला प्रोग्रॅम ओढायला लागायचा. चौघींनी एकदम ओढलं की पाच-पाच मिनिटं नुसता काळा पडदा. तेवढ्यात कोट काढून, बूट झटकून, कॉफी ओतून पेंगेलीला चार शिव्या घालून व्हायच्या. सर्व्हर सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण त्याचं पुस्तक उघडून बघितलेली मी एकटीच. तेही चित्रं आहेत का बघायला उघडलं होतं.

नर्सांच्या फेऱ्यांचा तक्ता त्या सर्व्हरवर होता. कोणी, कुठे, किती वाजता, कशासाठी. त्यात चौघींचा हात. आता असा तक्ता अनेकांनी मिळून वापरायचा तर त्या प्रोग्रॅमची वेगळी आवृत्ती घ्यावी लागते. 'थांबा, आत दुसरं कुणीतरी आहे' असं ती सांगते. पेंगेलीने एकट्या माणसासाठीची आवृत्ती आणली आणि मला म्हणाला, "टाक हीच सर्व्हरवर. प्रोग्रॅमला काय कळतंय किती जण बसलेत ते?" कळत नव्हतंच. दोघींनी तक्ता उघडला की दोघींना आपापली प्रत दिसायची, आणि जी शेवटी सेव्ह करील तिची प्रत राहायची. पहिलीचं काम पुसून जायचं आणि हूं की चूं व्हायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात तीनदा घोळ झाला तेव्हा लेम्पी उठली, खुंटीवरची ती टोपी घेतली आणि आपल्या कॉम्प्युटरच्या डोक्यावर चढवली. म्हणाली, "जिच्याकडे टोपी, तिचा तक्ता. दुसरीने हात लावला तर हरीण समजून गोळी घालीन!"

लेम्पी कोस्केला एकसष्ट वर्षांची, सत्तावीस वर्षं नोकरी झालेली. काउंटीतल्या निम्म्या घरांत ती कॉफी प्यायलेली. पेशंटच्या कुत्र्यांची नावंसुद्धा तिला पाठ. तिने लावलेला तक्ता कधी चुकला नाही. भीती तिला एकाच गोष्टीची. तिची आई शेवटची नऊ वर्षं तिला ओळखत नव्हती, पोटच्या पोरीला 'बाई, तुम्ही कोण?' म्हणून विचारायची. त्यामुळे गाडीची किल्ली दोन मिनिटं सापडली नाही की लेम्पीचा चेहरा पडायचा. मग किल्ली कोटाच्या खिशात निघायची आणि ती हसून म्हणायची, "आज वाचले. उद्याचं उद्या."

नियम असा होता की जागेवरून उठायचं झालं तर तक्ता बंद करायचा आणि टोपी खुंटीला लावायची. पण पुन्हा आत शिरायला पाच मिनिटं. म्हणून कुणीच बंद करत नसे. टोपी तशीच कॉम्प्युटरवर ठेवून आम्ही जेवायला जायचो. लेम्पी जायची, मीही जायची.

जानेवारीची वीस तारीख, शुक्रवार. रेडिओवर सकाळपासून वादळाचा इशारा चालू होता, सरोवराकडचं आभाळ शिशासारखं झालं होतं. शनिवार-रविवारचा तक्ता लेम्पीकडे होता. सव्वाबाराला ती कुणा बाईच्या मयतानंतरच्या कॉफीसाठी लुथरन चर्चच्या तळघरात गेली. टोपी कॉम्प्युटरवर, तक्ता पडद्यावर उघडा.

बारा पंचवीसला हॉस्पिटलचा फोन आला. मी घेतला. वाइनो आहोलाला घरी सोडत होते, एक दिवस आधीच, वादळाच्या आत. हा वाइनो एकोणऐंशी वर्षांचा, एकटा, ओल्ड मिल रोडच्या अगदी टोकाला राहणारा. साखरेच्या दुखण्याने डोळे गेलेले, सुईत औषध किती भरलं ते त्याला दिसत नसे. बायको सायमी होती तोवर तीच टोचायची. ती ऑक्टोबरात गेल्यावर आमच्या नर्सा सकाळ-संध्याकाळ जायला लागल्या. न्यूमोनियाने तो तीन आठवडे हॉस्पिटलात होता म्हणून तक्त्यातून त्याचं नाव काढलं होतं. फोनवरची बाई म्हणाली, "आजचं संध्याकाळचं इंजेक्शन देऊनच गाडीत बसवतो. उद्या सकाळी आठपासून तुमचं. चुकवू नका, या माणसाला दोन वेळा चुकलेल्या चालणार नाहीत."

"चुकवायला आम्ही काय नवीन आहोत का?" मी म्हणाले.

दीडला मला मुलीला घेऊन दातांच्या डॉक्टरकडे पोचायचं होतं. रात्रभर ती गालाला हात लावून रडली होती. टोपी लेम्पीकडे. ती कधी येईल ते ठाऊक नाही. मी विचार केला, दोन मिनिटांचं तर काम. माझ्या कॉम्प्युटरवरून तक्ता उघडला, डोरीनच्या शनिवार-रविवारच्या फेऱ्यांत वाइनोचं नाव घातलं, सेव्ह केलं आणि तक्त्यातून बाहेर पडले. आता फक्त लेम्पी आली की तिला सांगायचं होतं, तुझी प्रत जुनी झाली, बंद करून पुन्हा उघड.

एक वाजता मी रोजच्याप्रमाणे सर्व्हरमध्ये टेप घातली. सोमवार ते शुक्रवार अशा पाच टेपा होत्या, माझ्याच अक्षरात चिठ्ठ्या लावलेल्या. जेवणाच्या सुटीत त्या दिवसाची टेप घालायची, सर्व्हरवरचं सगळं तिच्यावर उतरून घ्यायचं, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी तीच टेप पुन्हा घालायची. आधीचं पुसून नवीन वर बसतं.

एक दहाला लेम्पी आली. नाक लाल, कोटावर बर्फ. चर्चमधून माझ्यासाठी रुमालात निसूचे, म्हणजे फिनिश गोड पावाचे, दोन तुकडे बांधून आणले होते. "खा. वेलदोडा सढळ हाताने घातलाय. मेलेल्या बाईच्या हाताला नव्हती ती चव तिच्या सुनेच्या हाताला आहे. देव मला क्षमा करो." मी हसले, एक तुकडा तोंडात कोंबला, दुसरा खिशात टाकला आणि पळाले. गाडीत बसून खाताना मला पोरीचा दात आठवला, रस्ता आठवला, घरी दूध नाही ते आठवलं. वाइनो आठवला नाही.

मी विसरले. हे मी इथेच सांगून टाकते, कारण पुढे विसरल्याचा ठपका दुसरीवर आला.

तीन चाळीसला लेम्पीने आपल्या पडद्यावरच्या तक्त्यात दोन फेऱ्या बदलल्या आणि सेव्ह केलं. तिच्या प्रतीत वाइनो नव्हता. त्याच तक्त्याचे कागद छापून नर्सांना दिले गेले. नर्सा कागदावर असेल तिथे जातात.

वादळ शुक्रवारी संध्याकाळी सुरू झालं आणि रविवारी दुपारी थांबलं. ओल्ड मिल रोडकडचे फोन पहिल्याच रात्री गेले. शनिवारी डोरीन बर्फ सारणाऱ्या गाडीच्या मागे मागे दोनदा त्या रस्त्याच्या तोंडावरून गेली. तिला वाइनोच्या खिडकीत दिवा दिसला. तिला वाटलं, शेजारचा रेइनो नळ गोठू नयेत म्हणून बघायला आला असेल. रेइनो तर लेकीकडे ग्रीन बेला अडकला होता. तो सोमवारी सकाळी परत आला आणि छपरावरचं बर्फ उतरवायला शिडी घेऊन गेला, तेव्हा त्याने खिडकीतून बघितलं.

वाइनो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत होता. डाव्या हाताची बाही कोपराच्या वर गुंडाळलेली. टेबलावर दोन कप उपडे, बशीत पाव कापून ठेवलेला, वर फडकं. नर्सबाईला काही न खाता-पिता पाठवायची त्या घरात पद्धत नव्हती.

सोमवारी दहा वाजता पेंगेलीने आम्हा सगळ्यांना उभं केलं. डोरीन कोपऱ्यात तोंड दाबून रडत होती. "दोनदा गेले गं मी तिथून," एवढंच ती म्हणत होती. "दोनदा."

"शुक्रवारी हॉस्पिटलचा फोन कुणी घेतला?" पेंगेलीने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"मग?"

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. शपथेवर सांगते, आलं होतं. पण मी श्वास घेतला तेवढ्यात त्याने पुढचं विचारलं.

"तेव्हा टोपी कुणाकडे होती?"

"लेम्पीकडे."

शब्द न् शब्द खरा होता. पेंगेलीने मान हलवली आणि माझ्याकडे हात करून उरलेलं स्वतःच जुळवून टाकलं. "म्हणजे लॉर्नाने लेम्पीला सांगितलं, आणि लेम्पीने ते तक्त्यात घातलं नाही." त्याने हे मला विचारलं नाही. सगळ्यांना सांगितलं. मी तोंड मिटून उभी राहिले. सगळ्या लेम्पीकडे वळल्या.

लेम्पी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. शाळेतलं पोर फळ्यावरचं गणित बघतं तशी, काहीतरी सोडवायचा प्रयत्न करत. "मला..." ती म्हणाली. "मला आठवत नाहीये."

तोच तिचा चेहरा किल्ली न सापडल्यावर व्हायचा. मला तेव्हाच बोलता आलं असतं.

नंतर पेंगेलीने मला आत बोलावून दार लावून घेतलं. "बस. हे बघ, लॅन्सिंगहून राज्य सरकारची माणसं येतील. काय झालं ते विचारतील. म्हातारं माणूस, कामाचा ताण, विसरली. असं होतं. तेही समजून घेतील. पण उद्या कुणी टोपीचं काढलं, तर ते विचारणार टोपी कशाला लागते. मग प्रोग्रॅम कुठला ते निघणार. तो सर्व्हरवर कुणी टाकला?"

"तुम्ही सांगितलं होतं."

"कागदावर आहे का कुठे, मी सांगितल्याचं?" त्याने आवाज खाली आणला. "लॉर्ना, तुझ्यावर कुणी बोट दाखवत नाहीये. तू कशाला हात वर करतेस?"

मी नुसतं 'बरं' म्हणाले आणि बाहेर आले. पेंगेलीला मी आजवर भेकड म्हणत आले होते. त्या दिवसापासून तो शब्द मला तोंडात घेता येत नाही.

मंगळवारी सकाळी मी गाडी लावत होते तेव्हा लेम्पी तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती. नुकतीच आलेली असून खरवडत होती. काच लख्ख होती. मला बघून थांबली.

"लॉर्ना, एक विचारू? चिडू नकोस हं."

"विचार ना."

"तू मला सांगितलंस तेव्हा मी कुठे होते? उभी होते की बसले होते?"

मी गाडीचं दार लावलं. 

"रात्रभर शोधतेय गं," ती म्हणाली. "मला तो निसूचा रुमाल आठवतो. तू हसलीस ते आठवतं. त्या मेलेल्या बाईबद्दल वाईट बोलले तेही आठवतं. मधे एक भोक आहे, तिथे काहीच नाही. आईचं असंच सुरू झालं होतं. तू सांगितलं होतंस ना? नक्की?"

यावर 'नाही' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण सोमवारी गप्प बसले होते ना मी. आता 'नाही' म्हणाले तर कालचं गप्प बसणंही उघडं पडणार होतं.

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "तू कोट काढत होतीस."

"कोट काढत होते." तिने डोळे मिटले. "हो. ओला होता. एक हात बाहीत अडकला होता. हो गं, आता आठवल्यासारखं वाटतंय." आणि तिने चक्क माझा हात दाबला. "बरं झालं सांगितलंस. काहीच नसण्यापेक्षा हे बरं."



बुधवारी जेवणाच्या सुटीत ऑफिस रिकामं झाल्यावर मी शुक्रवारची टेप काढून सर्व्हरमध्ये घातली. त्या दिवशीचा तक्ता वेगळ्या नावाने उतरवून घेतला आणि उघडला. वाइनो होता. 'आहोला, वाइनो. ओल्ड मिल रोड. इन्सुलिन. शनिवार आठ, शनिवार पाच, रविवार आठ, रविवार पाच.' फाइलपुढे वेळ होती बारा चौतीस. बारा चौतीसला लेम्पी चर्चच्या तळघरात होती, चाळीस माणसांनी तिला तिथे बघितलं होतं. सर्व्हरवर त्या वेळी काम करणारी एकटी मी होते. लेम्पीचं डोकं शाबूत आहे याचा पुरावा माझ्या पुढ्यात होता, आणि शुक्रवारी एक वाजता त्याच टेपवर नवीन सगळं बसणार होतं. दोन दिवस होते माझ्या हातात.

मी उतरवलेली प्रत पुसून टाकली आणि टेप डब्यात ठेवली. मनाशी म्हटलं, उद्या. उद्या सांगू.

गुरुवारी वाइनोला पुरलं. म्हणजे जमीन गोठलेली, त्यामुळे खड्डा वसंतात, तोवर पेटी स्मशानाच्या कोठडीत. लेम्पी सगळ्यात मागच्या बाकावर बसली. सायमीबरोबर तिने वीस वर्षं चर्चमध्ये गाणी म्हटली होती, तिची जागा पुढे होती. तिच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. मीही बसले नाही. मी डोरीनशेजारी बसले, कारण डोरीनला आधाराची गरज होती असं मी ठरवलं. प्रार्थना संपल्यावर रेइनो लेम्पीच्या अगदी जवळून गेला आणि त्याने नमस्कारापुरता आपल्या टोपीला हातसुद्धा लावला नाही. तो तिच्या नात्यातला होता.

संध्याकाळी तिने पेंगेलीला राजीनाम्याची चिठ्ठी दिली. जूनमध्ये ती तशीही निवृत्त होणार होती. चिठ्ठीत लिहिलं होतं की आता माझ्यावर विसंबून राहणं लोकांच्या जिवावर बेतेल.

शुक्रवार उजाडला. लेम्पी आपलं टेबल आवरत होती, बेकरीतून मागून आणलेल्या पेस्टीच्या, म्हणजे मांसाच्या करंज्यांच्या, खोक्यात वस्तू भरत होती. मी कपाटापाशी उभी. हातात शुक्रवारची टेप. बाकीच्या जेवायला गेलेल्या. आम्ही दोघीच होतो.

माझ्या मनात काय होतं ते सांगते. कुणाला दया यावी म्हणून नाही. माझी मुलगी बारा वर्षांची होती, नवरा दोन वर्षांपूर्वी निघून गेला होता, आणि या गावात दुसरी नोकरी म्हणजे एक तर माशांच्या कारखान्यात, नाही तर तुरुंगात पहाऱ्यावर. पण खरं कारण तेही नव्हतं. मला कळून चुकलं होतं की आता बोलले तर लोक वाइनोबद्दल मला माफ करतील. विसरण्याला माफी असते. त्या मंगळवारच्या कोटाला नव्हती.

"बघ गं, किती वर्षांची रबरं निघाली," लेम्पी खोकं भरता भरता म्हणाली. "हा स्टेपलर तुला घे. पेंगेलीला देऊ नकोस, तो त्याच्यातही एकाच पिनेत काम भागवेल." मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "अगं, एक वाजून गेला. टेप घातलीस का? तू पण माझ्यासारखीच विसरायला लागलीस की काय?"

ती हसली, आणि हसताना तिचे डोळे भरले.

मी टेप आत घातली आणि बटण दाबलं. काम पुरं व्हायला बारा मिनिटं लागायची. ती बारा मिनिटं आम्ही दोघींनी मिळून तिचं खोकं भरलं. मधेच बटण दाबून ते थांबवता येतं. मला माहीत होतं. बाराव्या मिनिटाला सर्व्हर टूं वाजला. मी खोकं उचलून तिच्या गाडीत ठेवून आले.

लॅन्सिंगची माणसं फेब्रुवारीत आली, एका दुपारी काम उरकून गेली. 'कर्मचाऱ्याच्या विस्मरणामुळे' असं त्यांनी लिहिलं. मार्चमध्ये पेंगेलीने गुपचूप तक्त्याच्या प्रोग्रॅमची खरी आवृत्ती मागवली आणि मीच ती सर्व्हरवर टाकली. आता तक्ता उघडायला गेलं की पडद्यावर अक्षरं येतात, आत कोण आहे त्याचं नावसुद्धा येतं. टोपी कुणीतरी फेकून दिली.

लेम्पीबद्दल कानावर यायचं. गाडी विकली. चर्चमधल्या गाण्याला जात नाही. कुणी दुकानात भेटलं तर आपण होऊन सांगते, माझं डोकं चालत नाही हल्ली, रागावू नका. सौना, म्हणजे घामाने न्हायच्या खोलीतली भट्टी, तीसुद्धा पेटवत नाही, विझवायला विसरेन म्हणून. मी ऐकायची आणि कामाला लागायची. असे चार महिने काढले. मग मे महिन्यात वाइनोच्या पेटीसाठी खड्डा खणला, तेव्हा मला झोप लागेना. रविवारी मी तिच्याकडे गेले.

दार उघडून तिने नावाने हाक मारली, कोपऱ्यातली खुर्ची ओढून दिली, कॉफी ठेवली. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर कागद चिकटवलेला होता. 'कप.' 'साखर.' 'गॅस बंद केलास का?' तिचंच ठसठशीत अक्षर. तिने कप काढला तेव्हा कागदाकडे बघितलंसुद्धा नाही, हात सरळ तिथे गेला.

मी कॉफीला हात न लावता सगळं सांगितलं. फोन, बारा चौतीस, दात, निसू, सोमवार. "मी तुला सांगितलंच नव्हतं, लेम्पी. कधीच नाही. कोटाचं मी बनवून सांगितलं. तुझं डोकं ठीक आहे. मी विसरले होते. तू नाही."

ती शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर उठली, माझ्याजवळ आली आणि माझं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"किती चांगली आहेस गं तू," ती म्हणाली.

"लेम्पी, मी खरं बोलतेय."

"डॉक्टरही हेच म्हणाला. मार्चमध्ये तपासलं ना त्याने. चित्रं दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले. म्हणतो, तुमच्यात काही दोष नाही. आईलाही तेव्हा सगळे असंच सांगायचे. मीसुद्धा सांगायची." तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "पण कोट काढत होते ते मला आठवतंय, पोरी. हात बाहीत अडकला होता. तू म्हणालीस, वाइनो घरी येतोय. मला तुझा आवाज ऐकू येतो. आता तू आवाजही नव्हता म्हणून सांगतेस. असं नको करूस. तेवढं एक माझ्याजवळ आहे."

"टेपवर होतं सगळं! मी बघितलं होतं!"

"मग दाखव बरं," ती म्हणाली. हट्टाने नाही, रडणाऱ्या मुलाला समजावतात तशी. मी काय दाखवणार होते? मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले आणि तिने मला रडू दिलं. मग पावाचा तुकडा पुढे सारला, खा म्हणाली.

मी निघाले तेव्हा तिने खिडकीतली वही घेतली. कोण आलं, काय बोललं, ते ती रोज लिहून ठेवत असे, नंतर गोंधळ नको म्हणून. उभ्या उभ्या दोन ओळी लिहिल्या आणि वही माझ्यासमोर धरली.

'लॉर्ना आली होती. मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेत होती.'

"बरोबर लिहिलंय ना?" तिने विचारलं. "आणि वर तारीख तेवढी तू घाल. तारखांचा मला हल्ली भरवसा वाटत नाही."

तिने पेन माझ्या हातात दिलं. मी तारीख घातली.